पालींच्या सात कुलांची नातीगोती

पाल म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे रात्री दिव्याजवळ भिंतीला चिकटून कीटक टिपणारा, फिकट रंगाचा, डोळे न मिटणारा एक प्राणी उभा राहतो. हे चित्र खोटे नाही, पण ते पालींच्या दोन हजारांहून अधिक ज्ञात जातींपैकी मोजक्याच जातींचे आहे. काही पाली दिवसाढवळ्या उन्हात वावरतात, काहींच्या बोटांना भिंतीवर चिकटण्याची शक्ती मुळीच नसते, काहींना मिटणाऱ्या पापण्या असतात, काही अंडी न घालता थेट पिलांना जन्म देतात, आणि एका संपूर्ण कुलाला तर चालण्याजोगे पायच उरलेले नाहीत. एवढे वेगवेगळे प्राणी एकाच गटात का घालायचे आणि त्या गटाच्या आत त्यांची मांडणी कशी करायची, हा प्रश्न कार्ल लिनियसने १७५८ साली ‘टोके’ नावाच्या आशियातील एका मोठ्या पालीला शास्त्रीय नाव दिले तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे. त्याचे समाधानकारक म्हणता येईल असे उत्तर मात्र गेल्या तीन-चार दशकांतच हाती आले.

वर्गीकरणाची भाषा आधी थोडक्यात पाहू. एकमेकींच्या अगदी जवळच्या जाती मिळून एक प्रजाती होते, जवळच्या प्रजातींचे मिळून एक कुल होते आणि कुलांचे मिळून त्याहून मोठे गट होतात. सरडे आणि साप हे सगळे खवलेधारी सरीसृप स्क्वॅमाटा या गणात येतात. त्यातील गेकोटा या शाखेत सगळ्या पाली मोडतात. शरीररचनेवरून पूर्वी असा समज होता की खवलेधारींच्या वंशवृक्षाची सर्वांत जुनी फूट इग्वाना आणि त्यांच्यासारख्या सरड्यांची आहे. डीएनएच्या अभ्यासाने हे चित्र पालटले. आजच्या मांडणीनुसार पालींची शाखा या वृक्षाच्या अगदी बुंध्याजवळ फुटलेली आहे. ब्रह्मदेशातील सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरात, म्हणजे झाडांच्या अश्मीभूत राळेत, एका पालीचे अवशेष सापडले असून तिच्या बोटांखाली आजच्या पालींसारख्या पट्ट्या दिसतात. म्हणजे डायनोसॉरच्या काळातच पाली चिकटून चढू लागल्या होत्या.

या बोटांपासूनच सुरुवात करणे योग्य, कारण वर्गीकरणाचा पहिला डोलाराही बोटांवरच उभा राहिला. पारदर्शक काचेच्या पलीकडे बसलेली घरातली पाल खालच्या बाजूने पाहिली, तर तिच्या प्रत्येक बोटाचा मधला भाग रुंद झालेला दिसतो आणि त्यावर आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा शेजारी-शेजारी असतात. या रुंद गादीच्या वरून बोटाचा शेवटचा बारीक पेर नखासह पुढे आलेला असतो. भिंगातून प्रत्येक पट्टी मखमलीसारखी भासते, कारण ती असंख्य सूक्ष्म केसांनी भरलेली असते. टोके पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात. एक केस साधारण दशांश मिलिमीटर लांब असतो आणि त्याच्या टोकाला शेकडो फाटे फुटलेले असतात. प्रत्येक फाट्याचे चपटे टोक मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढे रुंद असते. इतकी बारीक टोके पृष्ठभागाला जवळजवळ रेणूंच्या अंतरापर्यंत भिडतात, आणि तिथे व्हॅन डर वाल्स बल या नावाने ओळखले जाणारे, एरवी अतिशय क्षीण असलेले आकर्षण कामाला येते. कोट्यवधी टोकांचे हे क्षीण आकर्षण एकत्र आले की पालीचे सगळे वजन सहज पेलले जाते. येथे ना डिंक असतो, ना हवा शोषून घेणारी वाटी. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००२ या काळात प्रयोगांनी हे दाखवून दिले. पाऊल उचलताना पाल बोटे टोकाकडून वर, म्हणजे आपल्या बोटांच्या उलट दिशेने वळवते. त्यामुळे केसांचा कोन बदलतो आणि ते एकामागून एक अलगद सुटतात. धावणारी पाल हे सेकंदात अनेकदा करते.

अशी विलक्षण बोटे असल्यावर एकोणिसाव्या शतकातील प्राणिशास्त्रज्ञांनी त्यांवरच भर दिला, यात नवल नाही. घरातल्या पालीच्या प्रजातीचे नाव हेमिडॅक्टिलस, वाळवंटातल्या एका प्रजातीचे स्टेनोडॅक्टिलस, पंख्यासारख्या बोटांच्या प्रजातीचे टायोडॅक्टिलस, वाकड्या बोटांच्या प्रजातीचे सिर्टोडॅक्टिलस; या सर्व नावांच्या शेवटी असलेला ‘डॅक्टिलस’ हा ग्रीक मूळ असलेला शब्द बोटच दर्शवतो. बोटाची गादी कुठे आहे, पट्ट्यांची रांग एक की दोन, नख आत ओढले जाते की नाही, अशा खुणांवरून पालींचे कप्पे पाडले गेले. संग्रहालयात बाटलीत ठेवलेल्या नमुन्याला नाव देण्यापुरती ही पद्धत सोयीची होती. पण सोय आणि नाते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या दोहोंतले अंतर पालींइतके स्पष्ट दाखवणारा दुसरा प्राणिगट माझ्या माहितीत नाही.

पानबोट्या पालींचे उदाहरण घ्या. यांच्या प्रत्येक बोटाच्या अगदी टोकाशी पानाच्या आकाराच्या दोन छोट्या गाद्या असतात आणि त्यांच्यामध्ये नख दडलेले असते. ही ठेवण इतकी नेमकी आहे की अमेरिका खंड, आफ्रिका, भूमध्य समुद्रातील बेटे आणि ऑस्ट्रेलिया येथील अशा सगळ्या पाली दीर्घकाळ फायलोडॅक्टिलस या एकाच प्रजातीत ठेवल्या गेल्या होत्या. पुढे कवटी, खवले, गुणसूत्रे आणि शेवटी डीएनए तपासले गेले, तेव्हा हे एक घराणे नसून निरनिराळ्या घराण्यांतील लोक एकच गणवेश घालून उभे असल्यासारखा प्रकार आहे, हे लक्षात आले. अमेरिकेतील जाती फायलोडॅक्टिलस या नावाखाली राहिल्या. भूमध्य प्रदेशातील जात युलेप्टिस या प्रजातीत गेली आणि तिचे कुलही वेगळे निघाले. ऑस्ट्रेलियातील जाती क्रिस्टिनस झाल्या, तर दक्षिण आफ्रिकेतील जातींसाठी गॉगिया, आफ्रोगेको अशा प्रजाती केल्या गेल्या, आणि या तिन्ही प्रजाती आणखी तिसऱ्याच कुलात मोडतात. टोकाशी गादी असलेले बोट खडकाच्या किंवा सालीच्या चिरेत शिरण्यासाठी उपयोगी पडते. गरज सारखी असल्याने स्वतंत्र वंशांतही उत्तर सारखे मिळाले. याला समाभिमुख उत्क्रांती म्हणतात.

टोनी गँबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली पालींच्या बहुतेक प्रजातींचा जनुकीय वंशवृक्ष मांडून त्यावर चिकट गाद्यांचा हिशेब केला. त्यातून निघालेला अंदाज असा, की पालींमध्ये या गाद्या ११ वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाल्या आणि ९ वेळा नाहीशा झाल्या. नाहीशा होण्यामागचे कारणही पुष्कळदा उघड असते. मोकळ्या वाळूत सूक्ष्म केसांचा उपयोग थोडा आणि अडचण जास्त. नामिब वाळवंटातील पॅकिडॅक्टिलस रेंजाय या पालीचे पूर्वज गादीवाले होते, पण तिच्या पायांवर आता वाळू उपसण्यास सोयीचे पडदे आहेत. उलट दक्षिण अमेरिकेतील गोनाटोडीस ह्यूमेरालिस या छोट्या पालीची बोटे बाहेरून साधीच दिसतात, पण त्यांखाली बारीक केसांचा एक लहानसा पट्टा असतो आणि तेवढ्याच्या जोरावर ती गुळगुळीत देठावर टिकून राहते. चिकट बोटांची सुरुवात कशी होत असावी, याची कल्पना येण्यासाठी हे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

बोटे भरवशाची नाहीत हे जाणवू लागल्यावर काही अभ्यासक डोळ्यांकडे वळले. गार्थ अंडरवुड यांनी १९५४ साली पापण्या आणि बाहुलीचा आकार यांवरून पालींची नवी मांडणी केली. बहुतेक पालींना मिटणारी पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक आवरण असते आणि ते स्वच्छ ठेवण्यासाठी पाल जिभेने डोळा चाटते. रात्रीच्या पालींची बाहुली अंधारात मोठी गोल होते आणि उजेडात आक्रसून उभी चीर उरते. काही जातींत या चिरेच्या कडा लहरदार असल्याने मिटतानाही टाचणीच्या टोकाएवढी तीन-चार छिद्रे शिल्लक राहतात. मादागास्कर आणि हिंदी महासागरातील बेटांवरच्या हिरव्यागार फेल्सुमा पाली दिवसा वावरतात आणि त्यांची बाहुली गोल असते. पालींचे दूरचे पूर्वज दिवसा फिरणारे होते आणि त्या काळात त्यांच्या डोळ्यांतील मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी नाहीशा झाल्या, असे मानले जाते. पुढे पाली रात्रीकडे वळल्या, तेव्हा रंग ओळखणाऱ्या शंकुपेशीच मोठ्या आणि अधिक संवेदनशील झाल्या. त्यामुळे माणसाला जिथे सगळे करडे दिसते, तशा अंधुक चांदण्यातही काही पालींना रंग ओळखता येतात. परंतु अनेक पाली रात्रीतून पुन्हा दिवसाकडेही वळल्या आहेत. म्हणून बाहुलीचा आकार हीदेखील नात्यापेक्षा सवयीचीच खूण ठरते. अंडरवुड यांच्या मांडणीतले काही भाग टिकले आणि काही गळून पडले.

मग १९८७ साली अर्नोल्ड क्लूगे यांनी एक धक्का दिला. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी येथे पायगोपोडिडी कुलातील पाय नसलेले सरडे राहतात. पुढचे पाय त्यांना मुळीच नसतात आणि मागच्या पायांच्या जागी केवळ खवल्यांचा एक छोटा पदर उरलेला असतो. पाहणारा त्यांना साप समजतो. पण त्यांची जीभ सापासारखी दुभागलेली नसते, त्यांच्यातील बहुतेकांना बाहेरून दिसणारे कानाचे छिद्र असते आणि शेपटी बहुधा धडापेक्षा लांब असून पालीसारखी तुटून सुटते. ते जिभेने डोळा चाटतात, आवाज काढतात आणि एका वेळी साधारणपणे दोनच अंडी घालतात. ही सगळी लक्षणे पालींची आहेत. ते पालींचे नातेवाईक असल्याची शंका आधीपासून होती, पण कानाभोवतीच्या एका स्नायूची ठेवण आणि इतर लक्षणे तपासून क्लूगे यांनी त्यांना थेट ऑस्ट्रेलियातील पालींच्या शेजारी बसवले. पुढे डीएनएनेही याला दुजोरा दिला. या कुलातील लायलिस हा लांब मुस्कटाचा प्राणी प्रामुख्याने सापसुरळ्या खातो. त्याचे दात बुडाशी लवचीक असून आतल्या बाजूला वाकतात, त्यामुळे गुळगुळीत भक्ष्य सुटत नाही. पायांचा अभाव डोळ्यांत भरतो म्हणून या प्राण्यांना पालींच्या बाहेर ठेवणे, हे वटवाघूळ उडते म्हणून त्याला पक्ष्यांत घालण्याइतकेच चुकीचे झाले असते.

आज गेकोटात सात कुले मानली जातात आणि ती दोन मोठ्या फांद्यांवर विभागलेली आहेत. पहिल्या फांदीवरची तीन कुले ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या आसपासच्या भूभागांपुरती मर्यादित आहेत. पायगोपोडिडीचा उल्लेख वर आलाच. कार्फोडॅक्टिलिडी कुलातील पालींना चिकट गाद्या नसतात, आणि त्यांच्यातील पानासारख्या रुंद शेपटीच्या जाती मादागास्करमधील युरोप्लेटस या पूर्णपणे वेगळ्या कुलातल्या पालींची हुबेहूब आठवण करून देतात. डिप्लोडॅक्टिलिडी हे कुल ऑस्ट्रेलिया, न्यू कॅलेडोनिया आणि न्यूझीलंड येथे पसरलेले आहे. न्यूझीलंडच्या साऱ्या मूळनिवासी पाली याच कुलातल्या असून त्या पिलांनाच जन्म देतात. थंड हवेत अंडी उबण्याची शाश्वती नसल्याने, उन्हात बसून स्वतःच्या शरीरात पिले वाढवणे त्यांना अधिक सोयीचे पडत असावे, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

दुसऱ्या फांदीवर मिटणाऱ्या पापण्यांचे युब्लेफारिडी कुल आहे आणि उरलेली तीन कुले आहेत: गेकोनिडी, स्फेरोडॅक्टिलिडी आणि फायलोडॅक्टिलिडी. यांपैकी गेकोनिडी हे एकूण पालींतले सर्वांत मोठे कुल. घरातल्या पाली, टोके पाल, फेल्सुमा, युरोप्लेटस हे सगळे त्यातलेच. फायलोडॅक्टिलिडी मात्र २००८ पर्यंत कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. त्या वर्षी जनुकांच्या तुलनेतून असे दिसले, की अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या, आजवर गेकोनिडीत गणल्या गेलेल्या काही प्रजाती एकमेकींच्या सख्ख्या आहेत. त्यांना एकत्र बांधणारे एकही ठळक बाह्य लक्षण तोवर कोणाला दिसलेले नव्हते. स्फेरोडॅक्टिलिडी कुलातही असेच घडले. कॅरिबियन बेटांवरच्या इवल्याशा पालींच्या शेजारी मध्य आशियाच्या वाळवंटातील, मोठ्या डोळ्यांची आणि माशासारख्या खवल्यांची टेराटोसिंकस येऊन बसली. याच कुलात जगातील सर्वांत लहान सरीसृपांपैकी दोन जाती आहेत. त्यांतील डोमिनिकन प्रजासत्ताकातील स्फेरोडॅक्टिलस अरियासी २००१ साली वर्णिली गेली. पूर्ण वाढ झाल्यावरही तिची लांबी मुस्कटापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुमारे १६ मिलिमीटरच भरते.

डीएनएची ही मांडणी खरी कशावरून, असा प्रश्न चिकित्सक वाचकाला पडेल, आणि तो पडायलाच हवा. त्याचे एक सुंदर उत्तर अंड्याच्या कवचात आहे. ऑस्ट्रेलियाकडील फांदीवर आणि युब्लेफारिडी कुलात अंडी घालणाऱ्या जातींच्या अंड्यांचे कवच चामड्यासारखे मऊ असते. उरलेल्या तीन कुलांत मात्र ते चुन्याचे, टणक असते. घातल्या क्षणी हे अंडे लवचीक असते आणि हवेत थोड्या वेळात कडक होते. टणक कवचासाठी लागणारे कॅल्शियम या गटातील कित्येक माद्या मानेच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत साठवतात, आणि अशा मादीच्या मानेवर दोन पांढरट फुगवटे बाहेरूनही दिसतात. म्हणजे बोटे ११ वेळा बदलली, बाहुल्या वारंवार बदलल्या, पण टणक कवच एकदाच आले आणि त्या शाखेत टिकून राहिले. जनुकांनी काढलेली सीमारेषा आणि अंड्याने काढलेली सीमारेषा एकमेकींवर बरोबर बसतात.

पापण्यांचे कोडे मात्र अजून पूर्ण सुटलेले नाही. युब्लेफारिडींना इतर सरड्यांसारख्या पापण्या आहेत, म्हणून ते पालींचे सर्वांत प्राचीन कुल मानले जाई. पण ते दुसऱ्या फांदीवर, टणक अंड्यांच्या कुलांच्या शेजारी आहे. असे असेल तर पापण्या जाऊन पारदर्शक आवरण येण्याची क्रिया दोन्ही फांद्यांवर स्वतंत्रपणे झाली असावी, किंवा सर्व पालींच्या समान पूर्वजाने गमावलेल्या पापण्या युब्लेफारिडींत पुन्हा आल्या असाव्यात. गमावलेला अवयव परत मिळवण्यापेक्षा तो दोनदा गमावणे सोपे, म्हणून पहिली शक्यता मला अधिक पटते.

टणक कवचाने पालींच्या प्रसारातही मोठी भूमिका बजावली. असे अंडे कोरडेपणा सोसते, आणि काही जातींची अंडी समुद्राच्या पाण्याचा काही काळचा संपर्कही सहन करतात. सालीच्या फटीत अंडी घातलेला ओंडका वाहत गेला, तर सोबत पालही दूरच्या किनाऱ्याला लागते. टॅरेंटोला ही प्रजाती मुख्यतः उत्तर आफ्रिका, भूमध्य प्रदेश आणि अटलांटिकमधील बेटे येथे आढळते, पण तिची एक जात क्यूबा आणि बहामा बेटांवर आहे. एवढा महासागर तिच्या पूर्वजांनी तरंगतच पार केला असला पाहिजे. काही जातींत तर नराचीही गरज नसते. लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस या पालीच्या बहुतेक माद्या नराशिवाय अंडी घालतात आणि त्यांतून पुन्हा माद्याच जन्मतात, त्यामुळे एकच मादी नव्या बेटावर वस्ती उभी करू शकते. प्रजननाने एकमेकांशी जोडलेल्या जीवांचा समूह म्हणजे जाती, ही नेहमीची व्याख्या इथे लागूच पडत नाही.

जुन्या नमुन्यांना डीएनएमुळे नवी ओळख कशी मिळते, याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण फ्रान्समधील मार्से येथील संग्रहालयात आहे. तेथे पेंढा भरून ठेवलेली एक प्रचंड पाल होती. मुस्कटापासून शेपटीच्या मुळापर्यंत ३७ सेंटीमीटर, शेपटीसह जवळजवळ ६० सेंटीमीटर. ती कुठून आली याची नोंद नव्हती. तिच्यासारखा दुसरा नमुना जगात नाही. १९८६ साली तिचे वर्णन झाले, तेव्हा शरीरावरून ती न्यूझीलंडच्या होप्लोडॅक्टिलस या प्रजातीतील ठरवली गेली आणि तेथील माओरी परंपरेत उल्लेख असलेल्या एका मोठ्या सरड्याशी तिचा संबंध जोडला गेला. न्यूझीलंडमध्ये तिचे एकही हाड मात्र कधी सापडले नाही. अखेर २०२३ साली तिच्या मांडीच्या हाडातून डीएनए मिळवण्यात आला आणि ती न्यू कॅलेडोनियाच्या पालींच्या शाखेतील निघाली. तिच्यासाठी गिगार्केनम ही नवी प्रजाती निर्माण करावी लागली. आज जिवंत असलेली सर्वांत मोठी पाल, ऱ्हॅकोडॅक्टिलस लीचियानस, हीदेखील न्यू कॅलेडोनियाचीच.

जातींची संख्याही स्थिर नाही. सिर्टोडॅक्टिलस या आशिया-पॅसिफिक प्रदेशातील प्रजातीत या शतकाच्या सुरुवातीला शंभराहून कमी जाती ज्ञात होत्या. आता त्या साडेतीनशेच्या वर गेल्या आहेत आणि पृष्ठवंशी प्राण्यांच्या सर्वांत मोठ्या प्रजातींत तिची गणना होते. आग्नेय आशियातील चुनखडीच्या सुट्या डोंगरांवर आणि गुहांमध्ये या पाली एकमेकींपासून तुटून राहतात. शेजारच्या दोन डोंगरांवरच्या पाली दिसायला सारख्या असल्या, तरी त्यांच्या जनुकांत लक्षावधी वर्षांचे अंतर असू शकते. अशा एका डोंगरावर सिमेंटसाठी खाण सुरू झाली की तिथेच राहणारी संपूर्ण जाती धोक्यात येते. म्हणून नाव देण्याचे काम केवळ कागदोपत्री नव्हे. नाव नसलेल्या जातीला कोणत्याही संरक्षित यादीत जागा मिळू शकत नाही. युरोप्लेटस पालींचा व्यापार आंतरराष्ट्रीय करारान्वये २००४ नंतर नियंत्रणाखाली आला आणि औषधाच्या नावाखाली मोठ्या प्रमाणात पकडल्या जाणाऱ्या टोके पालीला ते संरक्षण २०१९ साली मिळाले.

पण नाव देण्यातही धोका आहे. युब्लेफारिडी कुलातील गोनियुरोसॉरस लुई या देखण्या पालीचे वर्णन १९९९ साली प्रसिद्ध झाले. तिच्या अधिवासाची माहिती हाती येताच पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तिची इतकी पकड झाली, की वर्णनात नोंदवलेल्या मूळ जागेवरून ती नाहीशी झाली. तेव्हापासून या गटातील नव्या जातींची वर्णने लिहिताना अनेक संशोधक नेमके ठिकाण छापत नाहीत. केवळ प्रदेशाचे नाव देतात आणि अक्षांश-रेखांश फक्त खात्रीच्या अभ्यासकांना कळवतात.